नागपूरहून पाताळकोट: आधी उतरण, मग चढण

किल्ल्यावर किंवा डोंगरावर जाताना कष्टाचा भाग सकाळी येतो. अंगात ताकद असते, ऊन कोवळं असतं, बाटल्या भरलेल्या असतात. दमल्यावर फक्त उतरायचं उरतं. पाताळकोटात हे सगळं उलटं आहे. सकाळी ताज्या पायांनी माणूस भराभर दरीत उतरतो, गावं बघतो, झिऱ्यावर बसतो आणि दुपारी, मांड्या भरून आलेल्या असताना, पाणी संपत आलेलं असताना बाराशे-पंधराशे फुटांची चढण समोर उभी राहते. इथं येणाऱ्यांची फजिती बहुतेक या एकाच कारणानं होते. म्हणून या लेखातलं सगळं नियोजन, म्हणजे कधी निघायचं, किती पाणी घ्यायचं, कुठून परत फिरायचं, हे परतीच्या चढणीपासून सुरू करून मागं मोजलेलं आहे.

जागा नेमकी कशी आहे

पाताळकोट मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या तामियाजवळ आहे. सातपुड्याच्या पठारात घोड्याच्या नालेच्या आकाराची ही खोल दरी आहे. क्षेत्र साधारण ७९ चौरस किलोमीटर, खोली काठापासून १,२०० ते १,५०० फूट. आत १२ गावं आणि त्यांचे टोले-पाडे आहेत. वस्ती मुख्यतः भारिया आणि गोंड लोकांची. २०१९ मध्ये दरीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

दरीतलं पाणी दुधी नदीतून उत्तरेला नर्मदेकडे जातं. नागपूरच्या नळाला येणारं कन्हान आणि पेंचचं पाणीही याच छिंदवाड्याच्या पठारावर उगम पावतं, पण ते दक्षिणेला उतरतं. म्हणजे तामियाकडे जाताना आपण एक मोठा जलविभाजक ओलांडतो. हे फक्त भूगोलाच्या आवडीपुरतं नाही. दरीतल्या नाल्यांना पाणी वरच्या पठारावरून येतं. खाली आकाश निरभ्र असताना वर दोन तास पाऊस पडला, तर कोरडा दिसणारा नाला थोड्याच वेळात गढूळ होऊन वाहू लागतो. नाल्यात पाणी अचानक मातकट झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा वरच्या बाजूनं घरघर ऐकू आली, की सामान गोळा करत बसू नका. आधी उंच काठावर चढा.

"दरीत सूर्य दोन-चार तासच दिसतो" असं सर्रास सांगितलं जातं. कड्याला खेटून असलेल्या वस्त्यांना ते बऱ्यापैकी लागू पडतं, रुंद भागातल्या शेतांना नाही. वाटेच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की पश्चिमेच्या कड्याची सावली वाटेवर सूर्यास्ताच्या खूप आधी येते. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. झाडीतल्या वाटेवर मात्र पाचलाच दगड नीट दिसेनासे होतात.

कधी जावं

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. सुरुवातीला नाले वाहते असतात, गवत उंच असतं आणि वाटा थोड्या ओलसर असतात. डिसेंबर-जानेवारीत वाटा कोरड्या, हवा स्वच्छ आणि रात्री कडक थंडी. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून तळाशी साचते, त्यामुळे पहाटे दरीचा तळ काठापेक्षा जास्त गार असतो आणि धुक्यानं भरलेला असतो. हे धुकं उठायला आठ-नऊ वाजतात. काठावरून दरी बघायची तर सूर्योदयाच्या हट्टापेक्षा नऊनंतरचा तास चांगला.

फेब्रुवारीच्या शेवटापासून पळस फुलतो, मार्चमध्ये मोहफुलं गळायला लागतात. हा काळ देखणा आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे ऊन, ज्यामुळे चढण साडेअकराच्या आत संपवावी लागते. दुसरी म्हणजे अस्वल. मोहाच्या झाडाखाली भल्या पहाटे ते हमखास येतं. उजाडण्याआधी मोहाच्या रानातून जाऊ नये, गेलं तर मोठ्यानं बोलत जावं. अस्वलाला ऐकू येतं कमी आणि दिसतंही कमी, त्यामुळे ते अचानक समोरासमोर आलं की अंगावर येतं. एप्रिल-मे मध्ये वणवे लागतात, पाणी आटतं. खाली उतरायला तो काळ नाही.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत दरी फक्त वरून बघावी. कड्यांवरून धबधबे कोसळत असतात आणि ते वरून बघण्यातच मजा आहे. वालुकाश्मावर शेवाळ धरलं की चांगला बूटसुद्धा टिकत नाही. विजा चमकत असतील तर काठावर आणि एकट्या झाडाखाली उभं राहू नका, गाडीत बसा.

तारखा ठरवताना विदर्भाच्या यात्रांचं भान ठेवा. महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चौरागडच्या महादेवाला जाणारे आणि नागपंचमीच्या आसपास नागद्वारला जाणारे हजारो लोक याच छिंदवाडा-तामिया-मटकुली रस्त्यानं पचमढीकडे जातात. त्या दिवसांत गाड्यांची रांग, भरलेल्या बस आणि खोल्यांची टंचाई असते. यात्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पाताळकोटासाठी ते दिवस सोडा.

तीन आठवडे आधीपासून

नागपूर सपाट आहे. अंबाझरी किंवा फुटाळ्याला रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाचा दम चांगला असतो, पण मांड्यांना उताराची सवय नसते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलत असतात, आणि नेमक्या त्याच कामानं ते सगळ्यात जास्त थकतात. ही थकावट लगेच कळत नाही, चढायला लागल्यावर कळते.

सराव सोपा आहे. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा. पाताळकोटाची पूर्ण उतरण सुमारे ४०० मीटर धरली तर ते १३० मजले होतात. इतके चढायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड २० मजले चढ-उतार, दुसऱ्या आठवड्यात ३० आणि तिसऱ्यात ४० करा. शेवटच्या आठवड्यात पाठीवर चार-पाच किलोची सॅक घ्या. लिफ्टनं खाली येऊ नका, उतरणं हाच खरा सराव. एका रविवारी रामटेकला जाऊन अंबाळ्याच्या बाजूच्या पायऱ्यांनी गड दोनदा चढून-उतरून या, तेच बूट आणि तीच सॅक घेऊन. बूट चावत असेल तर तो तिथं कळू दे. जाण्याआधीचे दोन दिवस पायांना विश्रांती.

ज्यांचे गुडघे उतरताना दुखतात, ज्यांना चढताना छातीत जड वाटतं, त्यांनी आणि अगदी लहान मुलांनी दरीत उतरू नये. त्यांच्यासाठी काठावरचा दिवस सुंदर होतो, आणि ते कमीपणाचं नाही.

नागपूर ते तामिया

नागपूर-सावनेर-सौंसर-रामाकोना-छिंदवाडा असा रस्ता. छिंदवाडा सुमारे १२५ ते १३० किलोमीटर, तिथून परासियामार्गे तामिया आणखी साधारण ५५. थांबे धरून पाच तास मोजा. पहाटे साडेपाचला निघालात तर सौंसरला नाश्त्याला पोहोचता. सौंसरपर्यंत आणि पुढंही काही अंतर मराठी सहज चालते; संत्र्यांच्या बागा दोन्ही बाजूंनी दिसतात. तर्रीपोह्याचा मोह पहिल्या दिवशी भागवा, उतरायच्या दिवशी सकाळी नको. तिखट-तेलकट खाल्ल्यावर तहान वाढते.

सौंसर आणि छिंदवाड्याच्या मध्ये सिल्लेवानीचा घाट लागतो. हिवाळ्यात सकाळी तिथं धुकं असतं. उतरताना गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवा आणि वेग इंजिनानं आवरा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापून पकड सोडतो. पेट्रोल छिंदवाडा किंवा परासियात भरून घ्या, रोख पैसेही तिथंच काढा. भाड्याची टॅक्सी असेल तर मध्य प्रदेशात नेण्याचा परवाना आणि कर भरलेला आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशीच विचारा.

गाडी नसेल तर नागपूरहून छिंदवाड्यापर्यंत बस आहेत आणि इतवारीहून ब्रॉडगेज रेल्वेही आहे. छिंदवाड्याहून तामियाला बस मिळते. तामियापासून दरीच्या काठापर्यंतच्या वीस-पंचवीस किलोमीटरसाठी मात्र तामियातच जीप ठरवावी लागते, आणि परतीची वेळही त्याच वेळी पक्की करावी लागते. काठावर उभं राहून गाडी मिळेल ही आशा ठेवू नका.

छिंदवाड्यात तासभर काढता आला तर बादल भोई आदिवासी संग्रहालय बघा. भारिया आणि गोंडांची घरं, अवजारं, दागिने तिथं पाहिले की दुसऱ्या दिवशी गावात शिरताना नजर वेगळी होते.

पहिला दिवस तामियात, आणि पायांची परीक्षा

तामिया कड्याच्या काठावर आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या विश्रामगृहाजवळून दरी आणि पलीकडे महादेव-चौरागडाच्या रांगा दिसतात. विश्रामगृहापासून दीडेक किलोमीटरवर छोटा महादेवाची गुहा आहे. घळीत उतरून जावं लागतं.

ही गुहा दर्शनासाठी जितकी चांगली, तितकीच मोजमापासाठी. मंडळींतल्या प्रत्येकानं उतरायला लागलेली मिनिटं आणि चढायला लागलेली मिनिटं वेगवेगळी लिहून ठेवावी. चढायला उतरण्याच्या दीडपट वेळ लागला तर गट ठीक आहे. दुपटीपेक्षा जास्त लागला तर दुसऱ्या दिवशी दरीत तळापर्यंत जायचं नाही, निम्म्यावरून परत फिरायचं. गटाचा आकडा सरासरीचा नव्हे, सगळ्यात सावकाश माणसाचा धरायचा. या एका तासाच्या मोजणीनं दुसऱ्या दिवसाचे बहुतेक वाद मिटतात.

संध्याकाळी काठावर सूर्यास्त बघा, पण कठड्यापलीकडे जाऊ नका. वालुकाश्माचे थर कडेला खालून झिजलेले असतात, वरून मात्र दगड अखंड वाटतो. काठापासून एक माणूस आडवा झोपेल इतकं अंतर कायम ठेवा. फोटो काढताना मागं सरकायचं नाही, आधी मागं बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

मुक्काम तामियात, किंवा गावकऱ्यांच्या होमस्टेमध्ये. तामियाजवळच्या सावरवानीत आणि पाताळकोटातल्या चिमटीपूरला असे होमस्टे आहेत. आधी फोनवर ठरवूनच जा, कारण जेवणाचा शिधा त्यांना आणून ठेवावा लागतो. होमस्टेला आमची पसंती जास्त आहे, कारण वाटाड्या तिथंच मिळतो. रात्री आकाश नक्की बघा. नागपूरच्या उजेडात न दिसणारी आकाशगंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळीच डोक्यावरून गेलेली दिसते, आणि थंडीत कृत्तिकांचा पुंजका आणि मृग नक्षत्र. त्यासाठी पौर्णिमेचा आठवडा टाळा.

सॅकमध्ये काय

पाणी माणशी तीन लिटर, मार्चमध्ये चार. त्यातलं निम्मं चढणीसाठी राखून ठेवायचं, म्हणजे तळाशी पोहोचेपर्यंत दीड लिटरपेक्षा जास्त प्यायचं नाही. बाटल्या दोन रंगांच्या ठेवल्या तर ही शिस्त आपोआप पाळली जाते. गावात झिऱ्याचं पाणी मिळतं. गावकऱ्यांना ते सवयीचं असतं, आपल्या पोटाला नाही. एक मिनिट खळखळून उकळलेलं किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवलेलंच प्या.

घामातून मीठ जातं आणि पोटऱ्यांना गोळे येतात. तयार ओआरएसची पाकिटं माणशी दोन घ्या. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका, ते उलटं त्रास देतं.

खाण्यासाठी दशम्या, धपाटे, फल्लीदाणे आणि गूळ, संत्री. साली आणि बिया परत सॅकमध्ये. नागपुरी सहल म्हटली की गाकर-वांग्याचा बेत डोळ्यांसमोर येतो, पण दरीत आणि काठावर चूल पेटवायची नाही. वाळलेल्या गवताचा वणवा वाऱ्याबरोबर चढावर माणसापेक्षा वेगानं धावतो. धुरानं आणखी एक संकट उठतं, ते पुढं सांगितलं आहे.

बाकी सामान असं: घोट्याला आधार देणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट, जाड मोजे दोन जोड, लांब बाह्यांचा सुती शर्ट, डोकं आणि मान झाकणारा दुपट्टा, प्रत्येकाजवळ शिट्टी आणि विजेरी, गटात एक दहा सेंटिमीटर रुंदीची क्रेप पट्टी, कात्री, जंतुनाशक, गोचीड काढायला चिमटा, कोणाची रोजची औषधं असतील तर ती. काठी हवीच. बाजारातली ट्रेकिंगची काठी नसेल तर खांद्यापर्यंत येणारा बांबू चालतो. उतरताना काठी पायाच्या आधी खाली टेकवायची, म्हणजे गुडघ्यावरचा भार कमी होतो.

मोबाइलमध्ये नकाशा तामियातच उतरवून घ्या. दरीत नेटवर्कवर विसंबता येत नाही. फोन विमान मोडवर ठेवला तर बॅटरी दिवसभर पुरते आणि जीपीएस तरीही चालतं. एक सावधगिरी: जीपीएस सरळ रेषेतलं अंतर दाखवतं. "गाडी ६०० मीटरवर" असं दिसतं आणि मध्ये उभा कडा असतो. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथं एकमेकींना चिकटल्या आहेत, तिथं वाट नाही असं समजा.

उतरायचा दिवस

वाटाड्याशिवाय उतरू नका. चिमटीपूर, रातेड, गैलडुब्बा ही नावं प्रवासवर्णनांत सारखी येतात, पण गावागावांत जाणाऱ्या पायवाटा गुरांच्या वाटांत मिसळतात, आणि गुरांची वाट कड्याच्या टोकाला जाऊन संपू शकते. काही ठिकाणी पायऱ्या बांधल्या आहेत, काही गावांपर्यंत गाडीरस्ताही गेला आहे. रस्ता गेला म्हणजे कमी उंचीची गाडी जाईल असं नाही. तीव्र वळणं आणि सुटा मुरूम असतो, म्हणून गाडी वर ठेवून चालत जाणंच बरं. वनखात्याच्या हद्दीतून जाणारी वाट असेल तर परवानगीची चौकशी आदल्या दिवशी तामियात करा. वाटाड्याची मजुरी आधी बोलून घ्या आणि ठरलेली पूर्ण द्या, घासाघीस नको.

आता वेळेचं गणित. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास. चार किलोमीटरची वाट आणि ४०० मीटर चढण धरली तर ४८ आणि ४० मिळून ८८ मिनिटं होतात. हा सराईत आणि थांबे न घेणाऱ्या माणसाचा हिशेब. नवख्या गटासाठी तो दीडपट करा आणि वर विश्रांतीची २० मिनिटं धरा, म्हणजे अडीच तास. आदल्या दिवशी छोटा महादेवाला मोजलेला वेग यापेक्षा कमी असेल तर तीन तास धरा.

हिवाळ्यात साडेसातला काठावरून निघा. नऊच्या सुमारास तळाशी. अकरापर्यंत गाव, शेतं, नाला. साडेअकरा ही परत फिरायची वेळ, आणि ती सकाळीच सगळ्यांसमोर ठरवा. कुठं पोहोचलो आहोत याला महत्त्व नाही, साडेअकरा वाजले की तोंड वर. दोन-अडीचपर्यंत काठावर आलात तर पाय मुरगळणं, वाट चुकणं, कोणाला चक्कर येणं यासाठी तीन तासांची शिल्लक राहते. ही शिल्लक खर्चायची नसते. मार्चमध्ये सव्वासहाला निघून नऊला परत फिरायचं, म्हणजे अडीच तासांच्या चढणीला साडेअकराची मर्यादा पाळता येते.

उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, संपूर्ण तळवा टेकवून. टाच आधी टेकली की घसरायला होतं. वालुकाश्माच्या उतरत्या फरशीवर बारीक वाळूचा थर असतो. तो ओल्या शेवाळाइतकाच धोकादायक, आणि दिसत नाही. तिथं सरळ खाली न उतरता तिरपं चालावं. सागाची वाळलेली पानं साचलेल्या जागीही हेच. माणसा-माणसांत पाच पावलांचं अंतर ठेवा, आणि पायाखालून दगड सुटला तर "दगड!" असं ओरडा. घळीत कोणी कोणाच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही.

दर ४० मिनिटांनी मागं वळून वाटेचा एक फोटो काढत जा. परतताना वाट उलट्या बाजूनं दिसते आणि फाटे फसवतात. हा फोटो तेव्हा उपयोगी पडतो.

चढताना सगळ्यात सावकाश माणूस वाटाड्याच्या मागं दुसरा असावा, शेवटी नव्हे. शेवटी ठेवला की पुढचे बसून त्याची वाट पाहतात, तो पोहोचला की उठतात, आणि ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्याला ती मिळतच नाही. बोलता येईल इतक्याच वेगानं चढा. वाक्य पूर्ण करताना दम लागत असेल तर वेग जास्त आहे. दर २५ मिनिटांनी तीन-चार मिनिटं उभ्यानं थांबा, बसू नका, पाय आखडतात.

आग्या मोहोळ

वाघ-बिबट्यांची भीती सगळ्यांना असते. कड्याखालून जाताना खरी काळजी घ्यायची ती आग्या मोहोळाची. उंच कड्यांच्या कपारीत आणि मोठ्या झाडांवर ही पोळी टांगलेली असतात. एक माशी चावली की तिच्या डंखातून सुटणारा वास बाकीच्यांना उठवतो, आणि त्या बराच दूर पाठलाग करतात. म्हणून त्या दिवशी अत्तर, सेंट, सुवासिक तेल नको. कड्याखाली आरडाओरड, फटाके, दगड मारणं, धूर, ड्रोन यांतलं काहीही नको. पोळं कुठं आहे ते वाटाड्याला माहीत असतं, तो वळसा घालायला सांगेल तर घाला.

माश्या उठल्याच तर दुपट्ट्यानं तोंड-डोकं झाका आणि पायाखालची वाट बघत पळत दूर जा, शक्य तर दाट झुडपात किंवा घरात. हातानं मारू नका. पाण्यात बुडी मारून बसू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. सुरक्षित जागी आल्यावर रुतलेले काटे ताबडतोब काढा. नखानं खरवडा किंवा ओढा, पण वेळ घालवू नका, कारण काटा आत असेपर्यंत विष उतरत राहतं. ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा डंख खूप असले तर थेट दवाखाना गाठा.

साप चावला तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यांपैकी काहीही करू नका. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा, अंगठ्या-कडी काढा, माणसाला चालवू नका, उचलून वर आणा. वाटाडे गावातून चार माणसं आणि खाट घेऊन येतात, ती सगळ्यात चांगली रुग्णवाहिका. वर १०८ ला फोन करा. तामियात शासकीय आरोग्य केंद्र आहे, मोठा उपचार छिंदवाड्याला. गट किमान चार जणांचा असावा तो याचसाठी: एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघं मदतीला. शिट्टीचा इशारा तीन वेळा वाजवून एक मिनिट थांबायचं, पुन्हा तीन वेळा.

गावात वावरताना

भारिया विशेष दुर्बल आदिवासी समूहांत मोडतात. त्यांचं घर, अंगण, कुदळीनं उकरलेलं शेत म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. अंगणात शिरण्याआधी हाक मारा, "दादा", "बाई" म्हणून बोला, हिंदी चालते. फोटोआधी विचारा, आणि नको म्हटलं तर कॅमेरा सॅकमध्ये ठेवा. मुलांना चॉकलेट आणि पैसे वाटू नका. त्यानं मुलं शाळा सोडून वाटेवर उभी राहायला शिकतात. द्यायचंच असेल तर विकत घ्या: कोदो, कुटकी, चारोळी, हंगामात आवळा. ठरलेल्या भावानं घेतलेलं दोन किलो कोदो भेटवस्तूंच्या पिशवीपेक्षा जास्त कामाचं.

पाताळकोटाच्या जडीबुटीची कीर्ती मोठी आहे आणि भुमका म्हणजे इथले वैदू पिढ्यान्‌पिढ्या ते ज्ञान सांभाळून आहेत. पण स्वतः मुळं उकरणं, रोपं उपटणं, किंवा ओळख न पटलेली मुळी विकत घेऊन घरी उकळून पिणं, तिन्ही टाळा. मूळ उकरलं की ते झाड संपतं. हिरडा, बेहडा, आवळा ही फळं गोळा करणं हे इथल्या कुटुंबांचं उत्पन्न आहे, म्हणून पडलेलं दिसलं तरी पिशवीत भरू नका.

वेळ उरला तर

तिसरा दिवस हाताशी असेल तर तामियाहून पिपरियाच्या रस्त्यानं अनहोनीचे गंधकाचे गरम झरे बघता येतात. पाणी जिथून उसळतं तिथं हात घालू नका, ते भाजण्याइतकं तापलेलं असतं. दुपारी उन्हात जाण्यापेक्षा सकाळच्या गारव्यात वाफ चांगली दिसते.

दोनच दिवस असतील तर दरीतून वर आल्यावर लगेच गाडी हाकू नका. अर्धा तास बूट काढून बसा, पाणी प्या, मीठ असलेलं काही खा. ज्यानं चढण चढली त्यानं शक्यतो गाडी चालवू नये, थकलेल्या मांडीनं ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. काठावरच थांबलेल्या कोणाकडे तरी चावी द्या. चारला निघालात तर सिल्लेवानीचा घाट अंधारात लागतो, आणि तेव्हा गुरं आणि बिनदिव्याच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्यापेक्षा छिंदवाड्यात किंवा तामियात आणखी एक रात्र काढून पहाटे निघणं चांगलं.

मांड्या सगळ्यात जास्त दुखतात त्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे उतरल्यापासून २४ ते ४८ तासांनी. हलकं चालणं आणि शेक पुरेसं होतं, वेदनाशामक गोळ्यांची गरज सहसा पडत नाही. लघवी गडद चहाच्या रंगाची झाली, तर मात्र ती नुसती थकावट नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरी आल्यावर अंग, विशेषतः गुडघ्यामागं आणि काखेत, गोचिडांसाठी तपासा. सापडलं तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडीचा चटका लावू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर रानात जाऊन आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.